पाणी खालून येतंय

पत्र

डॉक्टर, नमस्कार. मी सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात दिवाणजी आहे. वय ४६. हळदीच्या सौद्यात आमच्या पेढीचा माल निघाला की पुकारा करायचं काम माझ्याकडं असतं. फेब्रुवारीत नवी हळद आली, तेव्हा घसा जो धरला तो पाऊस सुरू झाला तरी सुटलेला नाही. ताप नाही, सर्दी नाही. सकाळी उठलं की घसा सोलल्यागत होतो, सारखं खाकरावं लागतं, घशात भाताचं शीत चिकटल्यासारखं वाटतं. जेवताना मात्र घास अडत नाही. दुपारी एकच्या सुमाराला आवाज फाटतो. तीनदा अँटिबायोटिकचा कोर्स झाला. गुळण्या, आलं-लिंबू-मध, थंड गोळ्या सगळं चालू आहे. रात्री झोपताना मंडळी तूप घालून हळदीचं दूध देतात. एका डॉक्टरांनी पित्त असेल म्हणून दहा दिवस गोळ्या दिल्या, फरक शून्य. मला छातीत कधी जळजळत नाही, आंबट ढेकर येत नाही, मग पित्त कसं? मे महिन्यात वाईला बहिणीकडं आठ दिवस होतो तेव्हा घसा बराच हलका झाला होता. बहीण म्हणते, तिथलं हवा-पाणीच वेगळं. बी.पी.ची गोळी दोन वर्षं चालू आहे. तंबाखू पंधरा वर्षं खाल्ली, चार वर्षांपूर्वी सोडली. आता शेजारीपाजारी एक शब्द हळूच बोलतात, तो मी इथं लिहीत नाही. दिवसाचा रगाडा मागच्या बाजूला लिहिला आहे.
मार्केट यार्ड, सांगली (नाव छापू नये)

उत्तर

दिवाणजी, तो शब्द तुम्ही लिहिला नाहीत, मी लिहितो: कॅन्सर. मनात तो असताना पुढचं काही नीट वाचलं जाणार नाही, म्हणून त्याचं आधी बघू.

तुम्ही सांगितलेली एक गोष्ट मला दिलासा देणारी वाटते. घास अडत नाही, पण थुंकी गिळताना शीत चिकटल्यासारखं वाटतं. घशात खरोखर गाठ असेल तर बऱ्याचदा आधी भाकरी अडते, मग भात, मग पातळसुद्धा. जेवताना काहीच नाही आणि रिकाम्या घोटाला गोळा, ही उलटी चाल बहुतेक वेळा सुजेची किंवा घशाचे स्नायू आखडल्याची असते. तरीही पत्रावरून घसा तपासता येत नाही. पंधरा वर्षं तंबाखू खाल्लेल्या माणसाचा आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला राहिला तर दुर्बिणीनं आत बघायचंच, यात माझी घासाघीस नाही. तुम्हाला पाच महिने झालेत. या आठवड्यात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडं जा. त्यात एकाच बाजूला दुखत असेल, कान चांगला असून त्याच बाजूच्या कानात कळ येत असेल, मानेला गाठ लागत असेल, थुंकीत रक्त असेल, वजन उतरलं असेल किंवा श्वासाला त्रास होत असेल, तर आठवड्याचीही वाट बघू नका, उद्याच जा. तुम्हाला लांब जायचंही कारण नाही. १८९४ साली मिशन हॉस्पिटल निघालं तेव्हापासून लांबलांबचे लोक इलाजाला मिरजेत येतात आणि तुम्ही तिथून हाकेच्या अंतरावर आहात.

दुर्बिणीला घाबरण्यासारखं काही नाही. नाकात बधिर करणारा फवारा मारतात, थोडं कडू लागतं, मग बॉलपेनच्या रिफिलएवढी लवचिक नळी नाकातून घशापर्यंत जाते. 'ई' म्हणा, गिळा, श्वास घ्या, की झालं. पाच मिनिटंही लागत नाहीत. पडद्यावर तुम्हाला तुमचे स्वरतंतू दिसतील. मोत्यासारखे पांढरे असायला हवेत. माझा अंदाज असा, की तुमच्या स्वरयंत्राचा मागचा भाग, जिथं अन्ननलिकेचं तोंड लागून असतं, तो लाल आणि भिजलेल्या पोह्यासारखा फुगलेला दिसेल, स्वरतंतूंवर चिकट लाळेची तार असेल. दुखणं मागच्या भिंतीला जास्त असलं की माझा संशय पोटाकडं जातो. अर्थात नुसत्या लालीवर शिक्का मारता येत नाही, कारण काही तक्रार नसलेल्यांचा घसाही थोडाफार लाल दिसतो. दुर्बिणीचा पहिला उपयोग नको ते नाही ना याची खात्री करण्यासाठी. दुसरा, बाकीची गोष्ट जुळते का ते बघण्यासाठी.

आता तुमचा मुख्य प्रश्न. छातीत जळजळत नाही, मग पित्त कसं?

तुम्ही सांगलीचे आहात, २०१९ चा ऑगस्ट बघितलाय. पूर येतो तेव्हा पाणी काठावरून चालत येईल म्हणून आपण नदीकडं तोंड करून उभे असतो आणि ते मागच्या नाल्यातून, गटारीतून उलटं वर येऊन गल्लीत शिरलेलं असतं. तुमच्या घशाचं तसंच झालंय, असा माझा संशय आहे. जठर आणि अन्ननलिका यांच्या मध्ये एक झडप असते. घास आला की उघडायची आणि लगेच मिटायची. ती वेळीअवेळी सैल पडली की जठरातला ऐवज उलट्या वाटेनं वर येतो. अन्ननलिका जेमतेम वीतभर लांब. तिच्या वरच्या टोकाला आणखी एक झडप आणि त्या झडपेला खेटूनच तुमचं स्वरयंत्र. वरची झडपही चुकली की आंबट वाफ, दोन थेंब, कधी नुसता फेस घशात पोचतो.

आणि छातीत न जळण्याचं कारण असं. आपला कृष्णेचा घाट दरवर्षी पाण्याखाली जातो, पाणी उतरलं की धुऊन काढतात, पुन्हा तसाच. तेच पाणी चार बोटं घरात आलं की भिंतीचा पोपडा निघतो, दाराची चौकट फुगते. अन्ननलिका हा घाट आहे. तिचं अस्तर जाड, वर आलेलं खाली ढकलायची तिची सवय, शिवाय लाळेतला सोडा आम्ल मारत असतो. स्वरयंत्र म्हणजे घर. त्याचं अस्तर नाजूक, त्याला अशा भिजण्याची सवयच नाही. अमेरिकेतल्या घशाच्या डॉक्टर जेमी कॉफमन यांनी १९९१ साली या दुखण्यावर मोठा निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं असं की अन्ननलिकेत दिवसातून पन्नासदा थोडंथोडं वर आलं तरी ते चालतं, पण स्वरयंत्राला आठवड्यातून तीनदा पोचलं तरी इजा करायला पुरे. म्हणून घसा सोलून निघतो आणि छातीला पत्ता नसतो. आमच्यात याला मुकं पित्त म्हणतात. जुन्या वैद्यांना कंठाचं हे नातं नवं नव्हतं. माधवनिदान या जुन्या वैद्यक ग्रंथात अम्लपित्ताचे वर जाणारं आणि खाली जाणारं असे दोन प्रकार सांगितलेत आणि लक्षणांत छातीच्या जोडीला कंठाचाही दाह मोजलाय.

यात आम्लाच्या जोडीला आणखी एक पाहुणा येतो, पेप्सिन. जठरात मांस-डाळी पचवणारा हा रस. तो घशाच्या अस्तराला चिकटून बसतो. आम्ल नसेल तेव्हा झोपी जातो, पण मरत नाही. पुन्हा आंबट मिळालं की कामाला लागतो आणि पचवायला डाळ नसली तर तुमचंच अस्तर. तुमचा आलं-लिंबू-मधाचा काढा आठवा. दिवसातून तीनदा लिंबू पिळून तुम्ही त्या झोपलेल्याला हलवून उठवताय, अशी शक्यता आहे. लिंबू बंद करा. मीठ-पाण्याच्या गुळण्या चालू ठेवल्या तरी हरकत नाही, त्या तुमचं काही बिघडवणार नाहीत आणि फार काही सुधारणारही नाहीत. थंड गोळ्यांचं उलटं आहे. त्यातला पुदिन्याचा अर्क घशाला दोन मिनिटं गार करतो आणि खालची झडप सैल करतो. चघळायचंच असेल तर खडीसाखरेचा खडा किंवा ज्येष्ठमधाची काडी चघळा. ज्येष्ठमध मात्र तुमच्यासारख्या बी.पी.च्या माणसानं रोज नको, त्यानं बी.पी. चढतं.

तीन वेळच्या अँटिबायोटिकबद्दल मी जास्त बोलत नाही. ताप नाही, टॉन्सिलवर पू नाही, पाच महिन्यांचं दुखणं. त्यात जंतू मारायच्या औषधाला करायला काम काय होतं? चौथा कोर्स कुणी लिहिला तर नको म्हणा.

पित्ताच्या गोळ्यांनी फरक पडला नाही म्हणून पित्त नाही, असा निकाल तुम्ही लावलाय. घाई होतेय. पहिलं म्हणजे तुम्ही त्या कशा घेतल्या? बहुतेक लोक बी.पी.च्या गोळीबरोबर, जेवण झाल्यावर, पाण्याचा एक घोट. या गोळ्या सकाळी उपाशीपोटी, न्याहारीच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायच्या असतात, नाहीतर निम्मं काम वाया जातं. दुसरं, घशाची सूज दहा दिवसांत उतरत नाही, त्याला दोन-तीन महिने लागतात. तिसरं मोठं आहे, आणि ते आम्हा डॉक्टरांनाच ऐकवायला हवं. गोळी आम्ल कमी करते, उलटं येणं थांबवत नाही. पाणी गोडं झालं तरी गल्लीत येतंच आणि त्याबरोबर पेप्सिनही येतं. ब्रिटनमध्ये घशाच्या अशाच जुन्या तक्रारी असलेल्या ३४६ जणांना अर्धेअर्धे वाटून अशी गोळी किंवा तशीच दिसणारी खोटी गोळी सोळा आठवडे दिली. २०२१ साली निकाल छापून आला: दोन्ही गटांना सारखाच आराम. तेव्हा छातीत जळजळ असलेल्या माणसाला ही गोळी मी खुशाल देतो, पण नुसत्या घशाला सहा-सहा महिने चालू ठेवणं मला पटत नाही. वर्षानुवर्षं घेतली तर बी-१२ आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकतं, आणि एकदम सोडली की जठर काही दिवस जास्तच आम्ल सोडतं, मग माणसाला वाटतं गोळीशिवाय आपलं चालणारच नाही. मेडिकलमधून स्वतःच्या मनानं पुन्हा सुरू करू नका.

मग वाईला घसा हलका का झाला? मला तुमच्या पत्रातला हा भाग सगळ्यांत जास्त आवडला. बहिणीला राग येणार नसेल तर सांगतो, कृष्णेचं पाणी तेच आहे, वाईला तेवढं आधी पोचतं. पण त्या आठ दिवसांत तीन गोष्टी एकदम बदलल्या. हळदीची धूळ नव्हती. पुकारा नव्हता. आणि तिसरी तुम्ही पत्राच्या मागं कोपऱ्यात लिहिलीय: 'बहिणीकडं दिवेलागणीला जेवायची पद्धत, आठ वाजता चूल गार.' ज्या कागदावर लिहिलंय त्याला हळदीच्या अंगठ्याचा पिवळा ठसा आहे, त्याच्या अगदी शेजारी ही ओळ आहे.

आता तोच कागद सांगलीच्या दिवसाबद्दल काय सांगतो बघा. सकाळी सातला रिकाम्या पोटी चहा. यार्डात पोचल्यावर दुसरा. दिवसभरात सात-आठ. दुपारचं जेवण दोन ते तीनच्या मध्ये, कधी उभ्यानंच. संध्याकाळी पेढीवर भडंग आणि चहा. सीझनला घरी यायला साडेनऊ-दहा. साडेदहाला दोन भाकऱ्या, वांग्याची तिखट भाजी, खर्डा, शेवटी आमटी-भात. अकराला अंथरूण, आणि अंथरुणात बसून पेलाभर साईचं, तूप घातलेलं हळदीचं दूध. मग आडवं.

भरलेली घागर आडवी ठेवली तर काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. जठर रिकामं व्हायला तीनेक तास लागतात. तूप-साय त्याला आणखी उशीर करते, आणि स्निग्ध पदार्थांनी झडपही सैलावते. आडवं झाल्यावर खाली ओढणारं वजन गेलं, झोपेत लाळ कमी, गिळणं जवळजवळ बंद. वर आलेलं रात्रभर तिथंच. म्हणून सकाळी घसा सर्वांत जास्त सोललेला. नुसत्या धुळीचं असतं तर सकाळी बरं आणि यार्डातून आल्यावर वाईट असं झालं असतं. नुसत्या पुकाऱ्याचं असतं तर सौदे थांबल्यावर आठ-पंधरा दिवसांत उतरलं असतं. तुमचं गणित तिन्ही मिळून झालंय, पण खालची आग रात्रीची आहे, असं माझं मत.

हळदीच्या दुधाची हकिगत मला जरा जपून सांगायला हवी. सांगलीत बसून हळदीवर ठपका ठेवला तर यार्डातून कुणीतरी भेटायला येईल. हळदीचा दोष नाही. दुधाचाही नाही. दोष अकरा वाजल्याचा आहे. तेच दूध संध्याकाळी सहाला, साय काढून, तुपाशिवाय घ्या. वहिनींनी पाच महिने काळजीनं दिलंय, ते एकदम तोडू नका, नुसती वेळ बदला.

रात्रीच्या जेवणाचं अवघड आहे, मला ठाऊक आहे. मी स्वतः दहा वर्षं रात्रीचे पेशंट संपवून साडेदहाला जेवणारा डॉक्टर होतो. एका हिवाळ्यात माझाच आवाज बसला, महिनाभर गोळ्या चघळल्या, आणि दुर्बीण शेवटी माझ्या शिष्यानं घातली. काय दिसलं ते सांगताना तो हसत होता. घरची ताटं वाढून थांबलेली माणसं हा त्यातला खरा पेच असतो. तुम्ही आधी जेवून आलात तर घरचं एकटं माणूस जेवणार, हे मनाला लागतं. म्हणून असं करा. सकाळच्या डब्याबरोबर संध्याकाळचा एक छोटा डबा न्या, शाळूची भाकरी आणि कमी तिखट भाजी, सातला पेढीवरच खा. भडंगाची ती वेळ आपोआप जाते. घरी आल्यावर वहिनींबरोबर ताटावर बसा, पण तुमच्या ताटात वाटीभर मऊ भात आणि वरण, एवढंच. सीझन नसताना आठला जेवण. अंथरुणाला पाठ टेकायच्या आधी तीन तास पोटात काही जायला नको. सीझनला तीन जमले नाहीत तर दोन तरी, आणि तेवढा वेळ बसून किंवा अंगणात फेऱ्या मारून.

भडंग कायमचं सोडा म्हणायची माझी हिंमत नाही. पण तेल, तळलेले शेंगदाणे, लसूण, मिरची आणि वर गरम चहा, हे रोज संध्याकाळी नको. रविवारी दुपारी मूठभर खा. खर्ड्याचं तसंच, दुपारी, आणि बोटानं चाटण्याइतका. तिखटानं प्रत्येकाचं बिघडतं असं नाही, काहींना टोमॅटो बाधतो, काहींना कच्चा कांदा. पंधरा दिवस वहीत लिहून बघा, तुम्ही दिवाणजी, खतावणी तुम्हाला शिकवायला नको. चहा सात-आठवरून तीनवर आणा आणि सकाळचा पहिला भाकरीच्या चार घासांनंतर.

पलंगाचं एक काम आहे. डोक्याकडच्या दोन्ही पायांखाली दोन-दोन विटा घाला, सहा-आठ इंच उंच झालं पाहिजे. जास्तीची उशी घेऊन भागत नाही. उशीनं मान आणि पोट दुमडतं, पोटावर दाब येतो आणि होतं उलटंच. अख्खा पलंग उतरता हवा. खाली गादीवर झोपत असाल तर कमरेपासून वर उतार येईल असा फोमचा पाचर मिळतो, तो घ्या. झोपायचं डाव्या कुशीवर. जठराची ठेवण अशी आहे की डाव्या कुशीवर ऐवज झडपेच्या खाली राहतो, उजव्या कुशीवर झडपेवर येऊन बसतो. पोट सुटलं असेल (तुम्ही लिहिलं नाही, मी विचारतो) तर पट्टा एक भोक सैल करा आणि चार-पाच किलो उतरवायचं मनावर घ्या. पोटावरचा घेर झडपेला खालून ढकलत असतो.

आता खाकरणं. ते थांबवल्याशिवाय घसा बरा होणार नाही. खाकरताना दोन स्वरतंतू एकमेकांवर आपटतात. त्यानं सूज वाढते, सूज वाढली की लाळ चिकट होते, चिकटलं की पुन्हा खाकरावंसं वाटतं. शीत तिथं नाहीच, म्हणून ते निघतही नाही. खाकर आली की पाण्याचा घोट घ्या, पाणी जवळ नसेल तर हनुवटी जरा खाली घेऊन कोरडा घोट गिळा. पहिले चार दिवस वैताग येईल. मंडळींना सांगून ठेवा, खाकरलात की टोकायचं.

पुकाऱ्याचा वेगळा विचार करायला हवा, कारण जोरानं ओरडताना पोट आवळलं जातं आणि तोही दाब झडपेवरच येतो. जेवून लगेच सौद्याला उभे राहू नका. शिक्षक कमरेला लावतात तो छोटा माइक-स्पीकर पेढीवर मागा. लोक दोन दिवस हसतील, नंतर शेजारची पेढीही आणेल. धुळीसाठी नाका-तोंडावर नीट बसणारा मास्क लावा, खांद्यावरचा टॉवेल नको, कारण टॉवेलात धूळ अडकते आणि तुम्ही दिवसभर तीच हुंगता. यार्डातून आल्यावर मिठाच्या कोमट पाण्यानं नाक धुवा. नाक चोंदून रात्री तोंडानं श्वास घेत असाल तरी सकाळी घसा कोरडा पडतो, हे डॉक्टरांना नक्की सांगा.

तुम्ही विचाराल, तिन्ही एकदम केलं तर गुन्हेगार कोण ते कळणार कसं? मला शास्त्र सिद्ध करायचं नाही, तुमचा घसा बरा करायचाय. आधी सगळं एकदम. घसा सुधारला की एकेक गोष्ट सैल सोडून बघा, मग कळेल कशानं परत धरतो.

सुधारतंय की नाही हे मोजायलाही सोय आहे. २००२ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी नऊ प्रश्नांची यादी तयार केली: आवाज बसणं, खाकरणं, घशात शेंबूड-लाळ साचणं, गिळायला त्रास, जेवल्यावर किंवा आडवं झाल्यावर खोकला, श्वास अडकल्यासारखं होणं, सतत छळणारा खोकला, घशात गोळा, छातीत जळजळ. प्रत्येकाला शून्य ते पाच गुण, त्रास जितका जास्त तितके गुण जास्त. बेरीज तेराच्या वर गेली तर पित्ताचा संशय धरतात. पूर्ण गुण ४५ होतात आणि आपल्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेच्या पुराची धोका पातळीही ४५ फूट आहे, हा निव्वळ योगायोग. तेरा ही इशारा पातळी समजा. ती ओलांडली म्हणजे पित्तच, असं नाही, ॲलर्जीचा माणूसही सहज ओलांडतो. पण दर पंधरा दिवसांनी तीच बेरीज मांडली तर पाणी चढतंय की उतरतंय ते आकड्यात दिसेल. सहा आठवड्यांत थोडं, तीन महिन्यांत बरंच उतरायला हवं. उतरलं नाही तर नाकातून बारीक तार घालून चोवीस तास उलट येणं मोजायची तपासणी असते, ती करून घेऊ आणि मगच गोळ्यांचं ठरवू.

तोवर औषध हवंच असेल तर डॉक्टरांना अल्जिनेटबद्दल विचारा. समुद्री शेवाळापासून काढलेला पदार्थ आहे. जेवल्यावर आणि झोपताना घेतला की दुधावर साय धरावी तसा जठरातल्या अन्नावर थर धरतो आणि वर येणाऱ्याला अडवतो. त्यात सोडियम असतं, म्हणून बी.पी. सांगूनच घ्यायचा. खाण्याचा सोडा पाण्यात घालून पिण्याची यार्डात बऱ्याच जणांना सवय असते, ती तुम्ही त्याच कारणासाठी लावून घेऊ नका.

राहिली बी.पी.ची गोळी, आणि ती माझ्या मनातून जात नाही. पाकिटावरचं बारीक अक्षरातलं नाव वाचा. शेवटी 'प्रिल' असेल, रॅमिप्रिल, एनालाप्रिल असं काही, तर या गोळ्यांनी काहींना घशात सुरसुरी आणि कोरडा ठसका लागतो, कधी गोळी सुरू केल्यावर महिन्यांनी. शेवटी 'डिपिन' असेल तर ती रक्तवाहिन्या सैल करते तशी काहींची झडपही सैल करते. दोन्हींना पर्याय आहेत. पण स्वतःहून एकही दिवस बंद करू नका. दुर्बिणीला जाताना पाकीट खिशात ठेवा, ज्यांनी गोळी दिली त्यांनाही दाखवा, आणि मला उलट टपाली ते नाव तेवढं कळवा.